पेणचा पिनकोड मूळ संख्या आहे, मग शेजारच्या रोह्याचा का नाही?

ऑनलाइन ऑर्डर करताना पत्त्याच्या रकान्यात ४०२१०७ टाकलं की पेण येतं. शेवटच्या ७ च्या जागी ९ टाकला की रोहा. दोन तालुके, मध्ये नागोठणं, आणि पिनकोडमध्ये फरक फक्त दोनाचा.

पण हे आकडे आपण कधी संख्या म्हणून वाचतच नाही. 'चार शून्य दोन, एक शून्य सात' असं आपण म्हणतो. 'चार लाख दोन हजार एकशे सात' असं पोस्टाच्या खिडकीवर सांगितलं, तर पलीकडचा माणूस वर मान करून बघेल. पिनकोड आपल्यासाठी गावाचं एक नाव असतं, अंकांत लिहिलेलं. त्याची बेरीज करायची नसते, त्याला कशाने भागायचंही नसतं.

तरी कुणी भागून पाहिलंच, तर एक गंमत समोर येते. पेणचा ४०२१०७ ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जगातल्या कोणत्याही पूर्ण संख्येने तिला भाग जात नाही. रोह्याचा ४०२१०९ मात्र मूळ नाही. तो २३ × १७४८३ आहे.

हे कुणी ठरवून केलं का? अजिबात नाही. मग याला काही अर्थ आहे का? आहे, पण व्हॉट्सॲप फॉरवर्डवाले सांगतात तसला नाही.

हा आकडा आला कुठून?

पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्या, वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यामुळे पत्रं भलतीकडे जात. त्यावर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला.

पहिला अंक विभाग सांगतो. देशाचे ८ भौगोलिक विभाग आणि ९ हा अंक सैन्याच्या टपालासाठी. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाची छाननी कुठे होणार ते कळतं आणि शेवटचे तीन अंक म्हणजे टपाल वाटणारं ऑफिस. इथे एक बारीक गोष्ट आहे. टपालाचा जिल्हा आणि महसुलाचा जिल्हा एकच असेल असं नाही. पेण, रोहा, अलिबाग, महाड हे ४०२ मध्ये येतात, पण रायगडमध्येच असलेलं पनवेल ४१०२०६ आहे आणि उरण ४००७०२.

म्हणजे ४०२१०७ मधला प्रत्येक अंक टपालाच्या सोयीसाठी आला. मूळ संख्या निवडायची असा विचार कुणी केला नव्हता. पेणला ७ मिळाला आणि रोह्याला ९, एवढंच.

या आकड्यात एक गोष्ट नाही आणि तिचा त्रास आजही होतो. चूक पकडणारा अंक पिनकोडमध्ये नाही. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून एका ठरलेल्या रीतीने काढलेला असतो. मध्ये एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच लक्षात येते. एटीएम कार्डाच्या नंबरातही अशीच सोय असते. पिनकोडमध्ये सहाच्या सहा अंक पत्त्यासाठी वापरलेले आहेत. त्यामुळे ७ च्या जागी ९ टाइप झाला तरी आकडा 'बरोबर'च असतो, फक्त दुसऱ्या गावाचा. गणपतीच्या महिनाभर आधी पेणच्या मूर्तिकाराला रंग मागवणाऱ्याने पिन टाकल्यावर आपोआप येणारं गावाचं नाव एकदा वाचलेलं बरं. तिथे 'रोहा' दिसलं, तर बोट घसरलंय.

४०२१०७ मूळ आहे हे कसं कळलं?

सहावीच्या पुस्तकातली व्याख्या आठवा. जिला फक्त १ ने आणि स्वतःने भाग जातो ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ वगैरे. बाकीच्या संयुक्त. १ यातल्या कशातच मोडत नाही.

मग ४०२१०७ तपासायला २ पासून ४०२१०६ पर्यंत सगळ्यांनी भागायचं? तसं केलं तर गणपती येऊन विसर्जनही होऊन जाईल. सुदैवाने एक जुनी युक्ती आहे.

संख्या संयुक्त असेल तर ती दोन लहान संख्यांचा गुणाकार असते. हे दोन्ही अवयव ६३४ पेक्षा मोठे असूच शकत नाहीत. कारण ६३५ × ६३५ = ४,०३,२२५, म्हणजे गुणाकार पेणच्या आकड्याच्या पुढे गेला. त्यामुळे दोनपैकी किमान एक अवयव ६३४ किंवा त्याहून लहान असायलाच हवा. ६३४ पर्यंत कुणी सापडला नाही, तर पुढे शोधायची गरज नाही. शिवाय फक्त मूळ संख्यांनीच भागून पाहिलं तरी पुरतं. ३ ने भाग जात नसेल तर ६, ९, १२ ने कसा जाईल?

६३४ पर्यंत मूळ संख्या आहेत ११५. म्हणजे ११५ भागाकार. वही घेऊन बसलं तर एक दुपार.

सुरुवातीचे काही तर न भागताच उरकतात. शेवटचा अंक ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+०+२+१+०+७ = १४. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ बाद. ७ ने भागलं तर बाकी ६. ११ ने भागलं तर २. १३ ने ४. १७ ने ६. १९ ने १०.

पुढे काही ठिकाणी हा आकडा अगदी थोडक्यात वाचतो. त्याचे स्वतःचेच शेवटचे तीन अंक १०७ आहेत. या १०७ ने भागलं तर ३७५८ वेळा जाऊन बाकी उरते फक्त १. ५०९ च्या बाबतीत ५०९ × ७९० = ४,०२,११०, म्हणजे पेणपेक्षा तीनच जास्त. २८१ लाही चारच कमी पडले. शेवटचा भागाकार ६३१ चा, बाकी १६०. एकानेही पूर्ण भाग गेला नाही. म्हणून ४०२१०७ मूळ.

आता रोहा. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ या आठांनी भाग जात नाही. इथपर्यंत पेण आणि रोहा बरोबरीत. नववी मूळ संख्या २३ आणि तिथे रोह्याचा डाव संपला. २० × १७४८३ = ३,४९,६६० आणि ३ × १७४८३ = ५२,४४९. दोन्हींची बेरीज ४,०२,१०९. हा १७४८३ पुन्हा तपासला तर तो स्वतः मूळ निघतो. म्हणजे रोह्याचा आकडा बरोबर दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकाला ९ भागाकार लागले आणि दुसऱ्याला ११५. 'नाही' म्हणायला एक पुरावा पुरतो, पण 'आहे' म्हणायला सगळ्या वाटा बंद आहेत हे दाखवावं लागतं.

पेण-रोहा जोडी थोडक्यात हुकली

ज्या दोन मूळ संख्यांमध्ये फरक २ चा असतो, त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९, ४१ आणि ४३. रोह्याला २३ आडवा आला नसता, तर पेण आणि रोहा ही रायगडची जोडमूळ जोडी ठरली असती.

हुकली असली तरी या जोडीने पहिली परीक्षा पास केली होती. ३ आणि ५ सोडले तर जोडमूळ संख्यांच्या मधोमध येणाऱ्या संख्येला नेहमी ६ ने भाग जातो. कारण सोपं आहे. लागोपाठच्या तीन संख्यांपैकी एकीला ३ ने भाग जाणारच. कडेच्या दोघी मूळ आहेत, म्हणून तो मधलीच्या वाट्याला येतो. शिवाय मधली सम असते. पेण आणि रोहा यांच्या मधोमध आहे ४०२१०८, आणि हा पिनकोड अलिबाग तालुक्यातल्या पोयनाडचा. ४०२१०८ ÷ ६ = ६७०१८. बरोबर बसलं.

पोयनाडचा आकडा स्वभावाने पेणच्या अगदी उलट आहे. ४०२१०८ = २ × २ × ३ × ७ × ४७८७. त्याला तब्बल २४ विभाजक आहेत. पेणला २, रोह्याला ४ आणि मधल्या पोयनाडला २४. शेजारी असणं आणि सारखं असणं यांचा संख्यांच्या जगात काही संबंध नसतो.

जोडमूळ जोड्या कधी संपतात का? हे आजपर्यंत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक गणितज्ञ युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलं. जोड्यांचं कोडं मात्र अडून राहिलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवणाऱ्या यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ७ कोटी ऐकून हसू येईल, पण त्याआधी अशी कोणतीही ठाम मर्यादा हातात नव्हती. पुढे इतरांनी ती २४६ पर्यंत खाली आणली. २ पर्यंत अजून कुणी पोहोचलेलं नाही.

पेणचं हे असणं किती दुर्मीळ?

फार नाही. संख्या मोठ्या होत जातात तशा मूळ संख्या विरळ होतात. चार लाखांच्या आसपास साधारण दर १३ संख्यांमागे एक मूळ सापडते. म्हणजे पेण हा चमत्कार नाही, पण दर दुसऱ्या गावाला मिळेल अशीही ही गोष्ट नाही.

जिल्ह्यातलीच काही नावं घ्या. माणगावचा ४०२१०४ आणि नागोठण्याचा ४०२१०६ सम आहेत, बघताक्षणी बाद. अलिबागच्या ४०२२०१ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, तोही बाद. मुरूडचा ४०२४०१ जरा टिकतो आणि १९ ला फुटतो. महाडचा ४०२३०१ त्याहून चिवट, ३७ पर्यंत तग धरतो. पण एकदा फुटल्यावर पूर्ण फुटतो: ३७ × ८३ × १३१.

डहाणूत जन्मलेल्या, देवळालीत शिकवणाऱ्या मास्तरांचे खेळ

संख्यांना असं उलटसुलट करून पाहण्याचा विषय निघाला की मराठी माणसाला एक नाव आठवायलाच हवं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. आपल्याकडे बऱ्याच जणांना त्यांचं नाव त्यानंतरच माहीत झालं, हे काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

कापरेकरांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही.

पेणच्या पिनचे शेवटचे चार अंक २१०७ घ्या. ७२१० − ०१२७ = ७०८३. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन पायऱ्या. रोह्याच्या २१०९ ला चार लागतात. कागद घ्या आणि करून बघा.

पूर्ण सहा अंकांवर हाच खेळ केला तर वेगळंच घडतं. सहा अंकांत न हलणाऱ्या संख्या दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. पेण किंवा रोहा यांपैकी कुठेच पोहोचत नाही. पेण ४०२१०७ वरून ७४०८५३ वर, तिथून ८४०८५२ वर जातो आणि एका फेऱ्यात अडकतो: ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३ आणि पुन्हा ८४०८५२. सात थांबे आणि परत पहिला. रोहा सहा पायऱ्या फिरून ४२०८७६ या थांब्यावर त्याच फेऱ्यात चढतो. मूळ असो की संयुक्त, शेवटी दोघंही एकाच गाडीत.

कापरेकरांचा दुसरा खेळ आणखी सोपा. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४०२१०० घेतली तर अंकांची बेरीज ७ आणि उत्तर ४०२१०७, म्हणजे पेण. ४०२१०० ही पेणची जनक. काही संख्यांना असा जनकच नसतो, उदाहरणार्थ २०, ३१, ४२, ५३. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. आपल्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असंही नाव दिलं.

पेण स्वयंभू नाही हे तर दिसलंच. उलट त्याला दोन जनक आहेत. ४०२०९१ च्या अंकांची बेरीज १६, आणि ४०२०९१ + १६ पुन्हा ४०२१०७. दोन वाटा एकाच जागी येतात, म्हणून अशा संख्येला जंक्शन संख्या म्हणतात. रोहाही जंक्शन आहे: ४०२१०१ + ८ आणि ४०२०९२ + १७. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्याला हे नाव शोभतं म्हणायचं. पोयनाडला मात्र एकच जनक, ४०२०८७.

आणखी एक शब्द त्यांचाच, हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. पेणची बेरीज १४, रोह्याची १६, आणि दोन्ही पिनकोड विषम, त्यामुळे दोघंही नापास. इथे अलिबाग बाजी मारतं. ४०२२०१ ची बेरीज ९ आणि ४०२२०१ ÷ ९ = ४४६८९.

गुण संख्येचा की लिहिण्याच्या पद्धतीचा?

इथे जरा थांबायला हवं. वर सांगितलेल्या गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी दोन वेगळ्या जातीच्या आहेत.

आपण दहाच्या पटीत मोजतो, बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. तुमचा फोन तसं मोजत नाही. तो ० आणि १ यांवर चालतो. फोनच्या आत पेणचा पिन संख्या म्हणून ठेवला, तर तो ११०००१०००१०१०१११०११ असा दिसेल, १९ अंकांचा. अलिबागचा पिन असाच लिहिला तर त्यात १ हा अंक ८ वेळा येतो, म्हणजे अंकांची बेरीज ८. पण ४०२२०१ ला ८ ने भाग जात नाही. झालं, अलिबागचं हर्षद असणं फोनच्या भाषेत गेलं. ते संख्येचं नव्हतं, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचं होतं. ६१७४ चंही तसंच.

मूळ असणं मात्र पद्धतीवर ठरत नाही. ४०२१०७ गोट्या घेतल्या आणि त्या सारख्या रांगांत लावायला बसलं, तर एक लांबच लांब रांग सोडून दुसरी कोणतीही मांडणी जमणार नाही. आकडा देवनागरीत लिहा, रोमन अंकांत लिहा, ० आणि १ मध्ये लिहा, किंवा लिहूच नका. गोट्यांना फरक पडत नाही. रोह्याच्या गोट्यांच्या मात्र २३ रांगा व्यवस्थित लागतात, प्रत्येकीत १७४८३.

आता फॉरवर्डवाल्यांकडे वळू. 'तुमच्या पिनकोडचा मूलांक काय सांगतो?' अशी रील बहुतेकांच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलेली असते. पेणचे अंक मिळवले की १४, पुन्हा मिळवले की ५. रोह्याचे १६, मग ७. या मूलांकातून नशीब सांगितलं जातं. प्रत्यक्षात हा मूलांक म्हणजे संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी (बाकी शून्य आली तर ९). ९ × ४४६७८ = ४,०२,१०२. तिथून पेण ५ ने पुढे आणि रोहा ७ ने पुढे. बस्स, एवढंच आहे त्यात. आणि आठाच्या पटीत मोजणाऱ्या लोकांनी हेच केलं असतं, तर त्यांना ७ ची बाकी मिळाली असती आणि पेणचं 'नशीब' वेगळं निघालं असतं. मूलांक आणि मूळ संख्या हे शब्द जवळचे आहेत म्हणून गोंधळ होतो, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मूळ असणं शुभही नाही आणि मूळ नक्षत्रासारखं कुणी घाबरावं असंही नाही.

मग याचा उपयोग काय? तुमचं बँक खातं

रोह्याचा आकडा दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आता ते कामाला येतं.

२३ आणि १७४८३ दिले तर गुणाकार कुणीही एका मिनिटात करेल. पण फक्त ४०२१०९ देऊन 'हा कोणत्या दोघांचा?' असं विचारलं तर शोधाशोध करावी लागते. जाणं सोपं, परत येणं अवघड. लहान आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो. आकडे शेकडो अंकी झाले की तो प्रचंड होतो.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी याच फरकावर कुलूप बनवलं. तिघांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार जगाला उघड सांगायचा. त्या गुणाकाराने कुणीही संदेश बंद करू शकतं, पण उघडायला ते दोन अवयव माहीत असावे लागतात. सुरक्षित वेबसाइट, डिजिटल सही, बँकांचे व्यवहार, अशा अनेक ठिकाणी ही पद्धत वापरली गेली आणि आजही जाते. सध्या प्रचलित असलेल्या २०४८ बिटच्या कुलपातला गुणाकार ६१७ अंकी असतो. त्याच्यापुढे पिनकोडचे सहा अंक म्हणजे काहीच नाही.

हे कुलूप किती भक्कम आहे? आव्हान म्हणून जाहीर केलेली एक २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली. एकाच प्रोसेसर कोअरवर ते काम केलं असतं, तर साधारण २,७०० वर्षं लागली असती. अनेक संगणक एकत्र लावले म्हणून ते झालं. ६१७ अंकांची संख्या आजच्या साध्या संगणकांच्या टप्प्याबाहेर आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर मात्र हे कुलूप उघडेल. त्याची रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवली आहे, आणि म्हणूनच आता नव्या प्रकारची कुलपं बनवायचं काम सुरू आहे.

यात एक प्रश्न उरतो. अवयव शोधणं इतकं अवघड, तर कुलूप बनवायला लागणाऱ्या शेकडो अंकी मूळ संख्या मिळतात कशा? त्यांचे ११५ भागाकार करून चालणार नाही, विश्व संपेल तरी काम संपणार नाही. उत्तर असं की संख्या मूळ आहे की नाही हे तिचे अवयव न शोधताही कळू शकतं. प्रत्यक्ष वापरात यासाठी झटपट चाचण्या असतात, ज्यांत चुकीची शक्यता अगदी नगण्य असते. पण शंभर टक्के खात्रीचं उत्तर प्रत्येक संख्येसाठी वाजवी वेळात देणारी रीत आहे का, हा प्रश्न कित्येक वर्षं पडून होता. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते.

मूळ आहे का, हे ओळखणं सोपं. अवयव कोणते, हे सांगणं अवघड. ऑनलाइन व्यवहारांची बरीचशी सुरक्षितता या दोन वाक्यांमधल्या अंतरावर उभी आहे. उद्या कुणी अवयव पटकन काढायची रीत शोधली, तर ती बातमी गणिताच्या पानावर राहणार नाही.

तुमच्या गावाचा पिन तपासायचाय?

महाराष्ट्रातले सगळे पिनकोड साडेचार लाखांच्या आत आहेत. त्यामुळे ६७० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम होतं. अशा संख्या १२१ आहेत. शेवटचा अंक ०, २, ४, ५, ६ किंवा ८ असेल तर एकही भागाकार न करता तुमचं गाव बाद. अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात असेल तरीही बाद. त्यातून वाचलात तर ७ पासून सुरुवात करा, आणि २३ ला पोहोचलात की जरा जपून.